पाचवं पाऊल

कोसळला तेव्हा दादा कोणतं गाणं वाजवत होता?

हे मी जोकीमला तीनदा विचारलं. जोकीम दादाच्या बँडमधला ड्रमवाला. मुंबईहून रेल्वेनं मलकापूर आणि तिथून एसटीनं तो आमच्या धाड गावी आला, तेव्हा त्याच्या एका हातात दादाच्या राखेचं मडकं होतं, दुसऱ्यात गिटार. हॉटेलात वाजवता वाजवता गिटारमधून विजेचा झटका बसला, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर गोल काळा डाग होता, एवढंच तो बोलला. गाण्याचं विचारलं की खाली बघायचा. चहा न घेताच परत गेला.

दादा, म्हणजे इंद्रभान, आधी वस्तीतल्या कडूबामामांच्या गायन पार्टीत तुणतुणं वाजवायचा. सतराव्या वर्षी मुंबईला पळाला. लग्नाच्या बँडवाल्यांची ओझी वाहिली, मग एका हॉटेलात इंग्रजी गाणी वाजवणाऱ्यांत शिरला. त्या गाण्यांना ते ब्लूज म्हणत. सहा वर्षं वाजवलं. एक तबकडीही निघाली, तिच्यावर त्याचं नाव नव्हतं.

एकदाच तो गिटार घेऊन घरी आला होता. जाड चार तारांची, बेस म्हणतात ती.

कडूबामामा हसले होते, "एवढं मोठं लाकूड अन् ताराच चार? आमचं तुणतुणं एका तारेत भागवते बे!"

"मामा, तुमच्या तुणतुण्याचंच पोरगं हाय हे. मुंबईत जाऊन वाढलं."

आमच्या वस्तीत वीज नाही, म्हणून गिटार मुकीच. दादानं माझा तळवा तिच्या लाकडावर ठेवला आणि तार छेडली. ऐकू काही आलं नाही, पण छातीत हललं.

"अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची गाणी हायेत, माणिक. आपल्यासारख्यांचीच. सुरानं चार पावलं खाली उतराचं, पाचव्याले घरी याचं. पाचवं नाही पडलं तं ऐकणाऱ्याचा जीव टांगून राह्यते."

आमच्या गायन पार्टीत एक रीत आहे. वाजवणारा गेला की त्याची राख पाण्यात सोडायच्या आधी त्याच्या वाद्याच्या तारा उतरवायच्या. ताणलेली तार वाट बघत राहते म्हणतात. कडूबामामा त्यासाठीच गिटारकडे गेले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हातारा माणूसही बघितला नाही, दोन्ही हातांनी ढकललं.

"हात लावाल तं याद राखा. दादाची हाय ते."

तारा तशाच राहिल्या. राख नदीत गेली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी चुलीत फुंकत होतो. माय गिटार टांगलेल्या भिंतीला पाठ लावून बसली होती. एकदम पितळेच्या हंड्यावरचं झाकण वाजलं. टण... टण... टण... टण... एकेक ठोका आधीच्यापेक्षा खोल. हंड्यातलं पाणी थरथरत होतं. घरात जळक्या रबरासारखा वास आला. मग सगळं थांबलं.

मायनं श्वास रोखला होता. डोळे दाराकडे. कितीतरी वेळानं तिनं तो सोडला.

"येऊन राह्यला," ती म्हणाली. "उंबऱ्यापर्यंत येते... अन् थांबते."

रोज तेच. रोज चारच ठोके आणि रोज मायचा श्वास जास्त वेळ अडकलेला. तिनं भाकर सोडली. सातव्या दिवशी तिचे ओठ काळेनिळे पडले, मी तिला गदगदा हलवलं तेव्हा कुठं श्वास आला. मी उठलो आणि पळत जाऊन कडूबामामांचे पाय धरले.

"मामा, चुकलं माझं. चला, तारा उतरवा."

त्यांनी मला धरून उठवलं.

"आता नुसतं उतरवून भागत नाही, पोरा. अर्धं राह्यलं त्याचं. कोणाले तरी पुरं करा लागन."

"कोणाले?"

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग आत निघून गेले.

आठव्या दिवशी मी गिटार भिंतीवरून काढून मांडीवर घेतली. माय जागच्या जागी बसून होती. दिवा लावला. वास आला. झाकण वाजलं. टण... टण... टण... टण...

मायचा श्वास थांबला. मी वाट बघितली. तिची मान कलायला लागली, डोळे पांढरे झाले... आणि मी सगळ्यात जाड तार ओढली. दादानं माझा तळवा लाकडावर ठेवून छेडली होती ती.

जमीन हलली. हंडा, चूल, माझे दात, सगळं एकदाच. दिव्याची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली.

मायनं मोठा श्वास घेतला. मग दुसरा. मी रडायलाच लागलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, मुंबईहून आलेल्या माणसावरून फिरवावा तसा.

"आला का रे, इंद्रभान? भाकर टाकू का?"

तारा उतरवायला मी उजव्या हातानं गिटारची खुंटी फिरवायला गेलो, तर बोट टेकवेना. दिव्याजवळ धरून बघितलं. पहिल्या बोटावर गोल काळा डाग होता. अजून धुपत होता.

आमच्या वस्तीत वीज नाही.

"हाव, माय. टाक," मी म्हणालो, आणि डाव्या हातानं एकेक करून चारही तारा उतरवल्या.