बेटावरची चटई

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. कोरडा, गार. आभाळ इतकं स्वच्छ की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभं राहून समोरच्या बेटावरल्या किल्ल्याचे दगड मोजावेत. बांबूंवर टांगलेले बोंबील दुपारीच खडखडीत सुकले. असा दिवस चांगलाच म्हणायचा. म्हणून तर कोणाला काही वाटलं नाही.

आयुष, मोबाइल ठेव रे खाली. त्या उजेडानं माझं बोलणं तुटतं. ही गोष्ट ऐकीव नाही. अँथनी होडीवाला माझा जुना माणूस. आता बहिणीकडं राहतो नाळ्याला. त्यानं स्वतः सांगितली, आणि सांगताना पुढ्यातला चहा निवून गेला त्याचा.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. ख्रिस्ती लोकांच्या तीन राजांच्या सणानंतरचा शनिवार, अमावस्या जवळ आलेली. गोखिवऱ्याच्या बिल्डिंगीतलं एक जोडपं आलं, संकेत आणि आर्या. नोकऱ्या सोडून पाठीवर बॅगा लावून अंदमान फिरून आलेले. उन्हानं काळे पडलेले, पण खूश. आता म्हणे, आपल्या घराजवळचं बेट राहिलं, तिथं एक रात्र तंबूत काढायची.

अँथनी म्हणाला, "थंडी हाय पोरा. अंगाखाली काय घेशील?"

संकेत हसला. "काका, अंदमानात झावळ्यांवर झोपलोय आम्ही. ओझं नाही न्यायचं. जिथं जाऊ तिथं जे मिळेल ते वापरायचं."

"जेवन पन मिलंल तेच खाशील का?"

"ते तुम्ही आणा ना," आर्या म्हणाली. "पैसे देतो. मस्त काहीतरी, फिशवालं."

अँथनीची बायको वारून वर्षं झाली. कोणी मागून जेवणारं असलं की त्याला बरं वाटायचं. त्यानं दुपारी त्यांना बेटावर सोडलं, आणि दिवेलागणीनंतर मांदेलीचं कालवण नि तांदळाच्या भाकऱ्या डब्यात घालून होडी पुन्हा पाण्यात लोटली.

बेटावर उतरून तो किल्ल्याच्या भिंतीकडेनं पश्चिमेला गेला. वस्ती मागं राहिली. पुढं नुसती वाळू, खडक, नि लाटांचा आवाज. तंबू दिसला. आर्या बाहेर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"काका, हा उठतच नाहीये. संध्याकाळी जरा पडतो म्हणाला, तेव्हापासून."

"निजू दे की. नवरा निजला म्हनजे बायकोला सुट्टी."

ती हसली नाही. "त्याचं अंग हात लावून बघा."

अँथनीनं वाकून आत बॅटरी मारली. संकेत उताणा निजला होता. सरळ, काठीसारखा. हात छातीवर जुळवलेले. आणि पाय... पायांचे दोन्ही अंगठे एकमेकांना चिकटलेले. बांधल्यासारखे. दोरी मात्र नव्हती.

त्याच्याखाली चटई होती.

"ही कुठली?"

"तिकडं खडकात अडकली होती. नवीच आहे. पांढऱ्या चिंध्यांनी बांधलेली, आम्ही सोडली. का हो?"

पोरांनो, त्या बाजूला चाल आहे. घरात माणूस गेलं की ज्या चटईवर त्यानं शेवटचा श्वास सोडला, ती पांढऱ्या चिंधीनं बांधून ओहोटीला सोडतात. भरती कधी कधी ती परत आणते. आणली तर शेंबडं पोरसुद्धा हात लावत नाही. बिल्डिंगीतल्या पोरांना हे कोण सांगणार?

अँथनीनं त्याचा खांदा धरला. बर्फ.

"संकेत... ऊठ रे."

डोळे उघडले नाहीत. ओठ हलले.

"हळू काका... ती आत्ताच झोपलीय."

आर्या तर बाहेर उभी होती.

अँथनीनं बॅटरी बाजूला फिरवली. संकेतच्या शेजारी चटईवर हातभर जागा रिकामी. रिकामी... पण तिथली चटई दबलेली.

दोघांनी मिळून ओढलं त्याला. हलेना. एका माणसाचं वजन नव्हतं ते. आर्या रडत हाका मारू लागली, "संक्या, ए संक्या! आई घरी वाट बघतेय ना!" श्वास थांबून थांबून येत होता त्याचा. एक आला... मग किती वेळ काहीच नाही.

तेव्हा अँथनी गुडघ्यावर बसला. कपाळाला क्रूस केला. आणि त्या रिकाम्या जागेशी बोलला, घरच्या माणसाशी बोलावं तसा.

"बाय, पोर परकं हाय. चुकून निजलं तुझ्या जाग्यावर. सोड त्याला. तुला काय पायजे तर माझ्याकडं ये. मी इथलाच हाय."

वारा पडला.

लाटही ऐकू येईना.

मग अंगठे सुटले. एक इकडं, एक तिकडं.

संकेत उठून बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्यांनी तंबू तिथंच टाकला. अँथनीनं चटई गुंडाळली, चिंध्या बांधल्या, ओहोटीला दिली. पोरांना पलीकडं आणून रिक्षात बसवलं. आर्यानं त्याचे हात धरले. पोरगा वाचला. आजही धडधाकट आहे.

अँथनी घरी आला. दाराला आतून कडी घातली, वर अडसर लावला. खाटेवर पडला. काही ऐकलं नाही. काही पाहिलं नाही. उजाडेपर्यंत खाटेवरून उठला नाही.

सकाळी अडसर काढून बाहेर आला.

ओट्यावर वाळू होती. ओली. माणूस कुशीवर निजावं त्या आकाराची.

तो बघत उभा राहिला. तेवढ्यात शेजारची मटिल्डा चर्चमधल्या पहाटेच्या पहिल्या मिसावरून परत येत होती. कुंपणापाशी थांबली, हसली, नि म्हणाली, "अँथनी, रात्री ती बाय थंडीत ओट्यावर निजली होती, मी तुला हाक मारनार, तेवढ्यात तूच दार उघडलंस. बरं केलंस रे, आत घेतलंस तिला."