निवडलेले तांदूळ

आधी हातातलं घर विकावं, मग दुसऱ्याला हो म्हणावं, एवढं व्यवहारज्ञान विनिताला होतं. पण डोंबिवलीतल्या त्या फ्लॅटच्या मोरीत तिने नळ सोडला, भर दुपारी पाण्याची जाड धार बादलीत आदळली, आणि व्यवहारज्ञान जागच्या जागी राहिलं. दिव्याच्या घरात ती बारा वर्षं टँकरच्या वेळा सांभाळत आली होती. एकदा दिवस राहिले, तेव्हा चौथ्या महिन्यात भरलेली कळशी घेऊन तिसरा मजला चढली आणि त्याच दिवशी सगळं संपलं. त्यावर घरात कुणी बोलत नसे. आता नळाखाली हात धरून ती नुसतीच उभी राहिली, तेव्हा सुदेशला काय ते कळलं.

"घेऊया," तो म्हणाला.

मालक केदार पन्नाशीचा, एकटा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. एजंट गुरुदत्तने आधीच बजावलं होतं, "वहिनी, तुमचं घर अजून विकलं नाहीये हे स्वतःहून बोलू नका. मालक बिचकतात." केदारने नेमकं तेच विचारलं. विनिताला खोटं बोलणं कधी जमलं नाही. तिने सांगून टाकलं आणि तो नाक मुरडेल म्हणून वाट पाहिली.

"विकलं नाही?" केदार खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे अजून स्वतःच्या घरात राहताय? मग काहीच हरकत नाही. मी दसऱ्यापर्यंत थांबतो."

असा मालक कुठे भेटतो? सुदेश आणि गुरुदत्त खुशीत गॅलरीचं ग्रिल हलवून बघायला गेले. विनिता स्वयंपाकघराकडे वळली.

आत फरशीवर एक बाई बसली होती, दाराकडे पाठ करून. अंगात फिका अबोली गाउन, पाठीवर मोकळे ओले केस. त्यांच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं. पुढ्यात परात होती आणि ती तांदूळ निवडत होती.

"आमच्या काकू," मागून केदार म्हणाला. तो फ्रिजकडे बघत होता. "नमस्कार करा ना त्यांना. बोलवा तुमच्याकडे. बरं वाटतं त्यांना."

वडीलधाऱ्या माणसाला बोलवायला आपल्याकडे विचार थोडाच करावा लागतो? विनिता वाकली. "या हं काकू एकदा आमच्याकडे, दिव्याला."

परातीतला हात थांबला. "कधी?"

"कधीही या. तुमचंच घर आहे."

केदारने धरून ठेवलेला श्वास सोडला. विनिताला वाटलं, सौदा जमल्याचा सोडला असेल.

सुदेशने फंडातून पैसे काढून बयाणा दिला. दसऱ्यापर्यंत दिव्याचं घर विकून उरलेली रक्कम द्यायची, नाहीतर बयाणा बुडाला, असं ठरलं. घरी आल्यावर नव्या घरात फ्रिज कुठे ठेवायचा यावरून दोघांचं भांडणही झालं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

पहिलं गिऱ्हाईक रविवारी आलं. मुंब्र्याचे एक रिटायर्ड गृहस्थ. हॉल बघितला, बेडरूम बघितली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून मागे फिरले. "असू दे, काकूंचं काम चाललंय," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

"मी काकू?" विनिता चिडली. चाळिशी अजून लांब होती. सुदेश हसून हसून लोळला.

पुढच्या आठवड्यात एक जोडपं आलं. बायको आत गेली आणि चेहरा पाडून बाहेर आली. "भाडेकरू आहेत का? खाली करून देणार ना?" विनिताने आत जाऊन पाहिलं. ओटा, गॅस, पाण्याचे ड्रम. कुणी नव्हतं. फरशीवर मात्र वाटीभर पाणी सांडलेलं होतं, आणि त्या दिवशी टँकर आलाच नव्हता.

मग रोजचंच झालं. ती कामावरून यायची तेव्हा ओट्यावर ताटात तांदूळ निवडून ठेवलेले असत. खडे बाजूला, कडेला नीट ओळीत. सुदेश म्हणाला, तूच ठेवले असशील, डोक्यात हजार गोष्टी असतात तुझ्या. तिनेही तसं मानून घेतलं. मानलं नसतं तर त्या घरात झोपणार कशी?

एक दिवस गुरुदत्तचा फोन आला. "वहिनी, तुम्ही कामावर होता म्हणून मी चावीने उघडून पार्टीला घर दाखवायला गेलेलो. तुमच्याकडच्या त्या बाई तोंडावर सांगतात, घर विकायचं नाहीये. आधी आपसात ठरवा ना!"

"कुठल्या बाई?"

"ओले केस सोडून बसलेल्या."

विनिता कामावरून थेट डोंबिवलीला गेली. केदारने दार उघडलं. दाढी केलेली, डोळ्यांखालचं काळं गेलेलं. त्याचं स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत होतं.

"काकू कुठे आहेत?"

"गेल्या की. तुम्हीच बोलावलंत."

"माझं घर विकलं जात नाहीये, केदारभाऊ. दसरा तोंडावर आलाय. आमचे पैसे... मला त्या दिसतसुद्धा नाहीत."

"घरच्यांना नाही दिसत." त्याला वाईट वाटत होतं, अगदी खरं वाईट वाटत होतं. "मलाही नाही दिसल्या कधी. वहिनी, ज्याला घर नाही त्याचं आमंत्रण त्या घेत नाहीत. म्हणून तर तुम्हाला हो म्हटलं."

त्याने दार हळूच लावलं.

शेवटचं गिऱ्हाईक दसऱ्याच्या आदल्या शनिवारी आलं. मोहने गावातली ऋजुता आणि तिचा नवरा सम्यक. सुदेश सम्यकला गच्चीवरची टाकी दाखवायला घेऊन गेला. ऋजुता जिना चढून दमली होती. सहावा महिना असावा. विनिताने तिला पाणी दिलं. पेला धरताना तिचा दुसरा हात पोटावर होता. विनिताने मान फिरवली.

"आत बघून येते हं," म्हणत ऋजुता स्वयंपाकघरात डोकावली आणि हसत परतली. "काकू बसल्यायत ना आत. तांदूळ निवडतायत."

विनिताला आता आवाज ऐकू येत होता. परातीत एकेक दाणा पडत होता.

हिला सांगावं. आत्ताच्या आत्ता सांगावं, जा बाई इथून. तिच्या तोंडावर आलं होतं. डोळ्यांपुढे ती मोरी आली, ती बादली, ती धार.

"मोहन्याचं घर स्वतःचं आहे का तुमचं?" तिने विचारलं.

"हो, सासऱ्यांनी घेतलेलं."

"विकलंत?"

"नाही ना अजून," ऋजुता ओशाळून म्हणाली. "म्हटलं, आधी हे पक्कं करू."

विनिताने पदराने तोंड पुसलं. मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली,

"मग नमस्कार करा ना काकूंना. बोलवा तुमच्याकडे. बरं वाटतं त्यांना."

आतला आवाज थांबला.