दुधाच्या पेल्यातला दात

तो दवाखान्यात शिरला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. एका हाताने तोंडावर रुमाल धरलेला, दुसऱ्या हातात पेला, पेल्यात दूध आणि दुधात त्याचा पुढचा दात! सायकलवरून पडला होता म्हणे. दुधात ठेवायचं सुचलं कसं, असं विचारलं, तर सुजलेल्या ओठांनी हसला. मला तिथेच काहीतरी झालं... डॉक्टरला न शोभणारं.

मुळाला हात न लावता दात धुतला, जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला. मग बजावलं, तार निघाली की लगेच रूट कॅनाल. आत मेलेली नस राहिली तर शरीर स्वतःच दाताचं मूळ खायला लागतं, गुपचूप, आणि दुखत काहीच नाही.

तार काढली त्या दिवशी तो खुर्चीतून उठता उठेना. शेवटी म्हणाला, कोपऱ्यावर चहा घेऊ या? मी गडबडले, आणि गडबडले की मला नाक वर करायची खोड आहे.

"मी पेशंटबरोबर चहा घेत नाही."

त्याने शहाण्यासारखी मान डोलावली. रूट कॅनालला मात्र आलाच नाही. आमच्या रिसेप्शनच्या काकूंनी फोन केला, तर म्हणे दुसऱ्या डॉक्टरकडे करून घेतलं. गेलास उडत, म्हटलं. तरी कितीतरी दिवस दार वाजलं की मान वळायचीच. मग आत्याने स्थळ आणलं. मुलगा चांगला होता. मी हो म्हणून टाकलं.

आणि आज तो आला. नवा शर्ट, चेहरा नुसता फुललेला.

"आता मी तुमचा पेशंट नाही. वर्ष होत आलं. आता तरी चहा?"

हसला तसा तो दात हलताना दिसला. रूट कॅनाल कोणी केलं, विचारलं.

"कोणीच नाही... थाप होती ती. तुमच्याकडे आलो असतो तर पेशंटच राहिलो असतो ना? आणि दुखत तर नव्हतं."

एक्स-रे काढला. मूळ जवळजवळ उरलंच नव्हतं. दात चिमटीत धरला आणि अलगद हातात आला. जागेवर कापसाचा बोळा ठेवला, दाबून धरायला सांगितलं. अर्धा तास बोलायचं नाही. तो बोलू शकत नव्हता, म्हणूनच मला धीर झाला.

"पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे," मी म्हटलं. "वेड्या, तेव्हा खरं सांगितलं असतंस तर दात वाचला असता. आणि... मी त्या स्थळाला हो म्हणाले नसते रे."

तो छताकडे बघत राहिला. डोळे भरले, पण बोळा सोडला नाही. मग बाहेर काकूंसमोरच्या बाकावर जाऊन बसला. नंबर आलेला पेशंट आत यायला निघाला, त्याला मी थांबवलं.

अर्धा तास झाल्यावर मीच बाहेर गेले.

"चल," मी म्हटलं, "चहा घेऊ."

त्याने बोळा काढून कागदात गुंडाळला. उगाच हसला... पुढची जागा रिकामी.

"आज गरम चालत नाही ना, डॉक्टर," तो म्हणाला, आणि सायकल काढायला गेला.