मोकळं अंथरूण

स्वस्तात हिंडणाऱ्या माणसाला काय लागतं, हे ऋतुजाइतकं कुणाला ठाऊक नसेल. हंपी म्हणू नका, गोकर्ण म्हणू नका, पाठीवर सॅक टाकून ती जिथं गेली तिथं परक्या माणसांच्या खोलीत एक खाट घेऊन झोपली. लोकांना वाटतं, अशा मुक्कामाला गाद्या-गिरद्या हव्या असतात. छे. चादर धुतलेली हवी, कडी आतून लागणारी हवी, उशाशी चार्जिंगचा प्लग हवा, आणि दमून आल्यावर 'जेवलीस का' एवढं विचारणारं कुणीतरी हवं. बाकीचं पैसे टाकून मिळतं. शेवटच्या गोष्टीला नशीब लागतं.

ऋतुजाचं नशीब त्या बाबतीत कोतंच. करमाळ्याला घर होतं. आई गेली आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत तात्याबाकाकांनी दाराला आपलं कुलूप घातलं. "तू काय, हिंडतच असतीस की," म्हणाले. पुण्यात नोकरी होती, भाड्याची खोली होती, पण तिथं जेवलीस का विचारायला शेजारचं मांजरसुद्धा नव्हतं.

भुवनेश्वरी तिला हंपीच्या एका हॉस्टेलात भेटली. ही खालच्या खाटेवर, ती वरच्या. पहिल्याच संध्याकाळी भुवनेश्वरीनं सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं सरकवली आणि विचारलं, "जेवलीस का ग?" झालं. तेवढ्यावर ऋतुजा विकली गेली. पुढं सगळ्या सहली दोघींनी मिळून केल्या, आणि एके दिवशी भुवनेश्वरीच म्हणाली, "माझ्या घराचा तळमजला मोकळा पडलाय. ये की सोलापूरला. आपणच हॉस्टेल काढू." ऋतुजानं नोकरीचा राजीनामा दिला नि आली.

शुक्रवार पेठेतलं ते घर. तळमजल्यावर पूर्वी चादरींचं गोदाम होतं, त्यामुळं भिंती जाड आणि खिडक्या वर, छताजवळ. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत अंधारा गारवा असायचा, आणि नव्या कापडाचा, खळीचा वास. दोघींनी चुना मारला, लोखंडी खाटा मांडल्या, प्रत्येक खाटेला पडदा लावला, दारावर 'मुक्काम' अशी पाटी ठोकली. अक्कलकोटला जाणारे, तुळजापूरला जाणारे, नुसतेच गावं बघत फिरणारे, सगळे येऊ लागले. ऋतुजा दाराजवळच्या खाटेवर झोपायची. भुवनेश्वरी वरच्या मजल्यावर, तिच्या काशम्मा आत्याबरोबर.

काशम्माशी ऋतुजाचं रोज एका गोष्टीवरून वाजायचं. पाहुणे सकाळी बाहेर पडले की ऋतुजा प्रत्येक खाट नव्यानं घालायची. चादर ताणून, कडा गादीखाली खोचून, उशी उभी करून. येणारा माणूस आधी फोनवर फोटो बघतो, मग दारात उभा राहून खाट बघतो. खाट नीट दिसली की अर्धं काम झालं. तिची पाठ वळली की काशम्मा यायची आणि सगळ्या गाद्या गुंडाळून भिंतीला लावायची.

"आत्या, अहो गिऱ्हाईक येणार आहेत."

"येऊंदे की. आल्यावर हातरू." म्हातारी हटायची नाही. "मोकळं हातरून पसरून ठिवू ने, पोरी. कोन बी येऊन निजतंय मग. आनि निजलेल्याला ऊठ म्हनता येत न्हाई."

ऋतुजा हसायची आणि गाद्या पुन्हा घालायची. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं.

पण एक खाट काशम्मा गुंडाळायची नाही. अगदी आतली, कोपऱ्यातली, मागच्या दाराजवळची. ती घरातलीच जुनी लाकडी खाट होती. तिच्यावर मोराच्या नक्षीची तांबडी सोलापुरी चादर असायची, एका कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेली. ती खाट कुणाला द्यायची नाही, असं भुवनेश्वरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "वाटसरूची एक जागा ठेवायची, अशी आमच्या घरात रीत आहे. अवेळी कुणी आलं तर." ऋतुजाला ते फार आवडलं होतं. अशी रीत असलेल्या घरात आपण आलो, म्हणून तिला मनातून बरं वाटलं होतं.

त्या खाटेवर अवेळी कुणी आलं नाही. पण चादर रोज दुपारी चुरगळायची. ऋतुजा सकाळी ताणून जायची आणि चहाच्या वेळेला बघावं तर मध्ये खळगा. कुशीवर, भिंतीकडं तोंड करून कुणी पडलं की पडतो तसा. काशम्मा लवंडत असेल, असं तिनं धरलं. एकदा सहज चादरीवरून हात फिरवला, तर ती अंगाखालची असते तशी कोमट होती. काशम्मा मात्र सकाळपासून भुसार आळीला गेलेली होती. उन्हानं तापली असेल, म्हणून ऋतुजानं तेही सोडून दिलं. त्या कोपऱ्यात ऊन येत नव्हतं.

मग सांगोल्याचा अजिनाथ आला, मोटारसायकलवर गावं हिंडणारा. दोन दिवस राहिला. निघताना बूट बांधत म्हणाला, "ताई, त्या मावशीला सांगा, मी जेवून निघालो."

"कुठल्या मावशीला?"

"पडद्यामागच्या. काल दुपारी मी पडलो होतो, तर तिकडनं इचारलं, जेवलास का. लई बरं वाटलं बघा. मग म्हनल्या, घरी कोन वाट बघतंय?"

"मग?"

"म्हनलं, आई हाय की. मग काय बोलल्या न्हाईत." त्यानं सॅक उचलली. "तोंड तेवढं दावलं न्हाई त्यांनी. भिंतीकडंच होतं."

ऋतुजानं हे भुवनेश्वरीला सांगितलं. भुवनेश्वरी शेंगा निवडत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. "आत्याच असेल," ती म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. पुढं एका बाईनं इंटरनेटवर हॉस्टेलबद्दल चार शब्द लिहिले. खोली स्वच्छ, पाणी गार, आणि कोपऱ्यातल्या आजी फार मायेनं चौकशी करतात. भुवनेश्वरीनं ते वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. त्या दिवसांत ती नीट जेवत नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "दुपारी जरा पड की," ऋतुजा म्हणायची. ती म्हणायची, "मला दुपारची झोप येत नाही ग. लहानपणापासून नाही."

मे महिन्यातली गोष्ट. कूलरची मोटार जळाली म्हणून ऋतुजा नवी आणायला सात रस्त्याच्या दुकानात गेली. अर्ध्या वाटेत आठवलं, जुनी मोटार नमुन्याला घ्यायची राहिली. परत आली. वीज गेली होती. पंखे बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. आत पाऊल टाकलं तर कोपऱ्यातल्या पडद्यामागं कुणीतरी हळू बोलत होतं.

आवाज भुवनेश्वरीचा होता. घरच्यांशी ती कायम कन्नड बोलायची. आता मराठी बोलत होती.

"तिचं कुणी नाही. आई गेली. काकानं घर घेतलं. मी पहिल्यांदा भेटले तेव्हाच विचारून घेतलं होतं सगळं."

मध्ये गप्प. कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

"नाही जायची ती. तिला हेच हवं होतं. मला आता सोड."

फोनवर बोलत असेल, असं ऋतुजानं स्वतःला सांगितलं. मग तिची नजर टेबलावर गेली. भुवनेश्वरीचा फोन तिथंच होता, चार्जरला लावलेला.

पडदा सरकला. भुवनेश्वरी एकटीच होती. खाटेशेजारी फरशीवर बसलेली, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तशी. ऋतुजाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला, पण क्षणभरच. "बंगळूरला फोन चालला होता," ती म्हणाली. "मामेबहिणीकडं जाऊन येते म्हणते आठ दिवस."

ऋतुजानं त्या वेळी तिथंच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आपल्या माणसावर संशय घ्यायलाही जीव धजावत नाही, आणि सोलापुरात तिला आपलं म्हणावं असं हेच एक माणूस होतं. ती मोटार घेऊन पुन्हा सात रस्त्याला गेली. भर उन्हात, डोळ्यांत पाणी येत होतं ते घामाचं समजून पुसत.

भुवनेश्वरी निघाली त्या सकाळी तिनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी ऋतुजाच्या हातात दिलं. चादर होती. धुऊन, इस्त्री करून घडी घातलेली.

"अग, सोलापुरात जाणाऱ्याला चादर देतात. मी तर राहणार आहे."

"असू दे की." भुवनेश्वरीनं तिच्या गालावरून हात फिरवला. तो हात थंड होता. "तुझ्याच खाटेवर घाल. माझ्यासमोर घाल."

ऋतुजानं घातली. तांबडी, मोरांची. कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याचा रफू. घरातली जुनी वस्तू आपल्याला दिली, म्हणजे घरातलं मानलं, असं वेडीच्या मनात आलं. भुवनेश्वरीनं ती चादर अंथरलेली डोळे भरून बघितली आणि बॅग उचलून रिक्षात बसली. मागं वळून बघितलं नाही.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. फोन लागायचा, उचलला जायचा नाही. शेवटी एका दुपारी उचलला. भुवनेश्वरीचा आवाज जड होता, झोपेतून उठल्यासारखा.

"कधी येतेस?"

"झोपले होते ग," ती म्हणाली. "इथं दुपारी काय झोप लागते म्हणून सांगू. एवढी कधी लागली नव्हती."

"भुवना, तू मला इथं कशाला आणलंस?"

पलीकडं तिनं कूस बदलल्याचा आवाज आला.

"तुला घर हवं होतं की," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "मी पण माणूसच आहे ग."

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ऋतुजा टेबलाशी बसून राहिली. हंपीतली ती संध्याकाळ, तो डबा, पुढं सरकवलेली भाकरी, सगळं तिनं पुन्हा एकदा आठवलं, आणि प्रत्येक ठिकाणी भुवनेश्वरी काहीतरी विचारत होती. आई कधी गेली? भाऊ-बहीण? मग सणाला कुठं जातेस? ऋतुजाला ती माया वाटली होती. सोयरीक जुळवणाऱ्यानं करावी तशी तिनं चौकशी करून घेतली होती.

ती ताडकन उठली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, पण इथं राहायचं नाही एवढं ठरलं. वर जाऊन वाळत घातलेले कपडे काढले, सॅकमध्ये कोंबले, खाली आली.

काशम्मा अंथरुणं गुंडाळत होती. पाहुणे सगळे बाहेर गेलेले. एकेक गादी गुंडाळून भिंतीला लावत ती आतपर्यंत गेली, आणि कोपऱ्यातल्या लाकडी खाटेपाशीही थांबली नाही. तिच्यावरची गादीसुद्धा सरळ गुंडाळली. उघड्या फळ्या दिसल्या. त्यांच्यावर धूळ होती.

"आत्या, ती कशी काय गुंडाळली?"

"मोकळी झाली की." काशम्मानं हात झटकले. ऋतुजाकडं तिनं बघितलं नाही. "म्या तुला पयल्यापास्नं सांगत हुते."

मग ती दाराजवळ आली. ऋतुजाच्या खाटेशी. ऋतुजानं ती सकाळीच सवयीनं घातली होती, चादर ताणून, कडा खोचून, उशी उभी करून.

काशम्मानं हात पुढं केला आणि मागं घेतला. तिचा आवाज एकदम खाली आला, झोपलेल्या माणसापाशी येतो तसा.

"ही ऱ्हाऊंदे. निजलीय."

ती चवड्यांवर चालत जिन्याकडं गेली.

उशी आडवी झाली होती. खोचलेली कड सुटली होती. तांबड्या चादरीखाली, भिंतीकडं तोंड करून, कुशीवर कुणीतरी होतं. चादर हळूहळू वर होत होती, खाली होत होती. बाहेर पडायचं दार दोन हातांवर होतं, उघडं होतं.

"जेवलीस का ग?"

आवाज म्हातारा नव्हता, तरुण नव्हता. त्यात खरंच काळजी होती. करमाळ्याचं घर सुटल्यापासून हे एवढं मनापासून कुणी विचारलं नव्हतं. भुवनेश्वरीनंसुद्धा नाही.

"घरी कोण वाट बघतंय?"

ऋतुजानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग खांद्यावरची सॅक उतरवून खाली ठेवली.