हौदातली मुंडकी

"ही बघा यांची स्वच्छता! बघा सगळ्यांनी!"

सत्यजीतकाकांनी काठीच्या टोकावर माशाचं मुंडकं उचललं होतं. दुसऱ्या हाताने नाक दाबलेलं असल्यामुळे त्यांचा आवाज बंद खोलीतून आल्यासारखा येत होता, पण जोर काही कमी नव्हता.

मे महिन्यातली गुरुवारची संध्याकाळ होती. पनवेलच्या सुखनिवास सोसायटीच्या मागच्या अंगणात, ओल्या कचऱ्याच्या हौदाभोवती अर्धी इमारत जमली होती. काका सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे ते बोलले की बाकीच्यांनी मान हलवायची अशी तिथली पद्धत. 'यांची' म्हणजे कुणाची, हे कुणी विचारलं नाही. सोसायटीत उरणच्या कोळ्यांचं घर एकच होतं, पहिल्या मजल्यावरचं, तेही भाड्याचं. त्या घरातली बारा वर्षांची रिया आपल्या मालूआजीचा हात घट्ट धरून उभी होती. तिचे कान संतापाने लाल झाले होते.

हा हौद रियाने आणि तिची शेजारीण हेतलने आजीला हाताशी धरून सुरू केला होता. घरोघरची सालं, देठं, निर्माल्य गोळा करायचं, हौदात पसरायचं, वर सुका पाला टाकायचा. खत छान होत होतं, वास म्हणून नव्हता. आणि आता आठवडाभर रोज हौदात मासळी सापडत होती. घाण वासाने तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. जिन्यात आजी दिसली की बायका पदर नाकाला लावत. काल तर एकीने लिफ्टचं दार तिच्या तोंडावर लावून घेतलं.

काकांनी मग निकालच देऊन टाकला. शनिवारी संध्याकाळी मीटिंग, महापालिकेच्या स्वच्छता निरीक्षक मॅडमना बोलावलं आहे, त्यांच्यासमोर हौद बंद करायचा. रियाच्या घरमालकाशीही त्यांचं बोलणं झालं होतं. पुढच्या महिन्यात या लोकांनी घर रिकामं करायचं.

"काका, आम्ही नाही टाकलं!" रिया ओरडली.

"मग काय मी टाकलं? आमच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही."

आजी त्या मुंडक्याकडे टक लावून पाहत होती. वर जाताना एवढंच पुटपुटली, "सुरमईचा हाय. चांगला ताजा व्हता."

घरी रियाचा आत्तेभाऊ प्रितेश होता, गव्हाणहून सुट्टीला आलेला. त्याला सगळं कळल्यावर त्याने काकांच्या स्कूटरची हवा काढायचा ठराव मांडला आणि हेतलने तो लगेच फेटाळला. रियाच्या डोक्यातून मात्र आजीचं ते पुटपुटणं जात नव्हतं.

तिच्या घरात मुंडकं कधी फेकलंच जात नसे. कालवणात सगळ्यात चविष्ट तेच. आजोबा दयाराम हे नाखवा, म्हणजे होडीचे प्रमुख होते, तेव्हा मुंडकं त्यांच्या ताटात पडायचं, कारण ते नाखव्याच्या मानाचं. आजोबा गेल्यावर तो मान आजीकडे आला. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. शिवाय आजीचा गुरुवार, म्हणजे आदल्या संध्याकाळी भांडी घासून मासळीचा विषय बंद!

रियाने हे सांगितल्यावर हेतल विचारात पडली. तिच्या घरी मासळी वर्ज्य होती.

"मुंडकं खातात? मला वाटायचं ते फेकायचंच असतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे ज्याने मुंडकी टाकली, त्यालाही हेच वाटत होतं! टाकणारा मासे खाणारा नव्हताच.

शुक्रवारी आजीसोबत रिया आणि प्रितेश मच्छी मार्केटला गेले. आजीच्या ओळखीची किशोरीमावशी तिथे कोयत्यासमोर बसायची. रियाने विचारताच ती हसायला लागली.

"येतो ना एक जण! हेल्मेट डोक्यावरच, वर रुमाल. रोज मुंडकी नेतो न भाव बी करत नाय. मी बोलले, कालवण काय करतोस, तर मला बोलला, शी! मंग कशाला नेतो काय म्हाईत. उद्या बी ठेवायला सांगितलीत."

"स्कूटर कोणती?" प्रितेशने विचारलं.

"पांढरी. पाठी लाल गणपती लावलाय."

लाल गणपतीची पांढरी स्कूटर सोसायटीत एकच होती.

रियाला तेव्हाच धावत जाऊन काकांना जाब विचारावासा वाटला. पण तिच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? ज्यांनी आजीच्या तोंडावर लिफ्टचं दार लावलं, ते? काकांना मुद्देमालासकट पकडायला हवं होतं. एक गोष्ट उघड होती. रोज संध्याकाळी मुलं मुंडकी काढून टाकत, सकाळी लवकर उठून हौद पाहिला तर तो स्वच्छ असायचा, वास सुटायचा दुपारनंतर. म्हणजे सोसायटी पंखे लावून घोरत असताना काका हौदाकडे जात होते. आणि मुंडकी तोवर ठेवत कुठे होते? घरात तर शक्यच नाही. तिथे रमाकाकू होत्या, त्यांनी मुंडक्यांसकट काकांना बाहेर काढलं असतं.

"डिकीत," हेतल म्हणाली.

बेत अगदी सोपा होता. शनिवारी काका बाजारातून परतताच तिघांनी हौदाशेजारी चटई अंथरली, कॅरम मांडला आणि ती ठाण मांडून बसली. ऊन तापलं तशी त्यांनी छत्री उघडली, पण हलली नाहीत. आजी वरून सरबत पाठवत होती.

काका पहिल्यांदा आले ते हसत आले. घरी जाऊन टीव्ही बघा म्हणाले. दुसऱ्यांदा आले ते ओरडत.

"उठा इथून! ही काय खेळायची जागा आहे?"

"सोसायटीच्या नियमात नाही म्हणून कुठे लिहिलंय, काका?" हेतलने सोंगटी नेमकी भोकात घालत विचारलं.

तिसऱ्यांदा त्यांनी कॅरमला लाथच घातली. सोंगट्या अंगणभर उडाल्या. "भाडेकरूंची पोरं मला नियम शिकवणार? उद्या सामान रस्त्यावर असेल तुमचं!"

रियाचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत, वाकून एकेक सोंगटी गोळा केली आणि कॅरम पुन्हा मांडला. त्या क्षणी तिला काकांचा इतका राग आला होता की रात्र झाली असती तरी ती उठली नसती.

काका आत बाहेर करत राहिले. मुंडकी फेकून द्यावीत, तर संध्याकाळी मॅडमना दाखवणार काय? ठेवावीत, तर स्कूटर भर उन्हात! उन्हं कलली तेव्हा तिथे पहिली मांजर आली. मग दुसरी आली. मीटिंगच्या वेळेपर्यंत गल्लीतल्या झाडून सगळ्या मांजरांनी पांढऱ्या स्कूटरला वेढा घातला होता आणि एक बोका सीटवर चढून डिकीच्या फटीत पंजा घालत होता.

निरीक्षक दिपिकामॅडम आल्या. हौदावरचा पाला बाजूला करून त्यांनी आतलं खत हातात घेतलं, हुंगलं आणि विचारलं, "तक्रार कशाची आहे? हे तर उत्तम खत आहे."

"वास आहे ना, मॅडम," काका घाम पुसत म्हणाले. "येतोय ना वास?"

"येतोय. पण तिकडून."

सगळ्यांच्या माना स्कूटरकडे वळल्या. रिया पुढे झाली.

"मॅडम, काकांना डिकी उघडायला सांगा."

काका म्हणाले चावी हरवली. रमाकाकूंनी ती मुकाट्याने त्यांच्याच खिशातून काढली आणि डिकी उघडली. त्यानंतर जे लोक मागे पळाले, त्यात पदर नाकाला लावणाऱ्या सगळ्या जणी होत्या. रियाने त्या नीट बघून ठेवल्या.

मॅडमनी खडसावून विचारल्यावर काकांच्या तोंडून खरं बाहेर पडलं. त्यांना दुसरी गाडी घ्यायची होती आणि ती उभी करायला जागा फक्त हौदाचीच होती. तेवढ्यासाठी एका घराला रस्त्यावर काढायला ते निघाले होते! मॅडमनी तिथूनच घरमालकाला फोन लावून खरं काय ते सांगितलं, तेव्हा घर रिकामं करायची बात मिटली. हौद तिथेच राहील आणि रोज पाला पसरायचं काम सेक्रेटरी करतील, असं सगळ्यांसमोर ठरलं. मग त्यांनी तिन्ही मुलांची पाठ थोपटली. "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत," त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. रियाला त्या टाळ्यांचं फारसं कौतुक वाटलं नाही.

आजी मात्र डिकीपाशी गेली. तिने आत डोकावून पाहिलं आणि ती आठवड्यात पहिल्यांदा चिडली.

"अरे, रावस, सुरमई! उन्हात सडवलीस? मला दिली असतीस तं अख्खा घर जेवला असता. आता पुर खड्ड्यात, वर चांगला पाला टाक."

तिने काकांच्या हातात फावडं दिलं. काकांनी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आजीने सुरमई आणली. कालवणाचं पातेलं मध्ये आलं, प्रितेश मांडी घालून तयारच होता. आजीने पळीने मुंडकं उचललं आणि सवयीने रियाने नजर आपल्या ताटाकडे वळवली. तिथेच ते येऊन पडलं.

"आजी, हे तुझं," रिया गोंधळून म्हणाली.

"नाखव्याचा असतो तो," आजी म्हणाली. "जेव."