खोली रिकामी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी पुंजस्मृती मोडली. शर्वाणी खोत चारच मिनिटांपूर्वी यंत्राच्या खोलीतून बाहेर पडली होती. तिला वैद्यकीय दाखला काढायचा होता. तीन देशांत, अकरा वर्षांत पाच तात्पुरत्या नेमणुका झाल्यावर बंगळुरूच्या एका संस्थेने तिला कायम नोकरी देऊ केली होती.

पुंजस्मृती (क्वांटम मेमरी) म्हणजे अतिशीत अणूंत जपलेली नाजूक अवस्था. जवळपासची ऊब किंवा हलका कंपही ती मोडतो. शर्वाणीने त्यावर 'गोंगाटवजावट' शोधली होती. यंत्र शंभर दिवस रिकाम्या खोलीतला गोंगाट शिकतं आणि पुढे तेवढा सतत वजा करत राहतं. तिची अवस्था साठ तास टिकली होती. नोकरी मिळाली ती त्याच शोधनिबंधावर.

"वायर सैल झाली असेल," परत येऊन ती म्हणाली.

"तू गेल्यावरच बरी सैल होते!" नियंत्रण कक्षातून प्रकल्पप्रमुख डॉ. इनामदार म्हणाले. "नवी अवस्था तयार कर आणि कॉफी पिऊन ये."

ती गेली. चार मिनिटांनी अवस्था मोडली.

इनामदारांनी नोंदवही उघडली. "शिकवणीच्या वेळी आत माणसं किती, या रकान्यात रोज शून्य लिहिलंयस."

"कुणी नव्हतंच, सर. मी एकटीच असायचे."

तिची नजर त्या शून्यांवर गेली.

"आणि ते साठ तास?" त्यांनी विचारलं.

"आतच झोपले होते. चटई टाकून."

"म्हणजे तुझी ऊब, तुझा श्वास, तुझं वजन, सगळं यंत्राने खोलीतच धरलं. तू नसलीस की ते नसलेलंही वजा करतं. चार मिनिटं लागतात ती तुझी ऊब विरायला."

"रोज खाली सही तुमची आहे, सर."

"आहे. मलाही तू दिसली नाहीस."

दुसऱ्या कुणाला बसवून उपयोग नव्हता. श्वास वेगळा, वजन वेगळं. नव्याने शिकवायला शंभर दिवस हवे होते. तिच्या इथल्या नेमणुकीची मुदत शुक्रवारी संपत होती.

तिने सगळं बंगळुरूला कळवायला घेतलं.

"नोकरी जाईल गं," इनामदार म्हणाले. "निदान उद्या पाठव."

"उद्या काय वेगळं असणार आहे, सर?"

गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. निबंधासोबत दिलेली यंत्राची शिकवण भरून त्यांनीही हुबेहूब तशीच खोली आणि तसंच यंत्र उभारलं होतं; अवस्था क्षणभरही टिकत नव्हती. कारण कळवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. नेमणूक कायम होती. कामाचं स्वरूप तेवढं बदललं होतं. टेबल खोलीच्या आत मांडलं आहे, प्रयोग चालू असताना बाहेर पडू नये, आत सोबतीला कुणी नसावं. सोमवारी रुजू व्हावं.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तिची मुदत संपली. तोवर तिच्याकडून बंगळुरूला होकार किंवा नकार गेलेला नव्हता.