अशिष्ट प्रश्न

धामणवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात आता डॉक्टरांची वाट पाहावी लागत नसे. भिंतीवरची निदानिका प्रश्न विचारी, उत्तरांवरून आजार ठरवी आणि खालच्या कप्प्यातून औषध देई. तिची मराठी प्रश्नावली घडवणाऱ्या समितीच्या प्रमुख, हेमलता साबडे, आज ती प्रथमच कामात पाहत होत्या. शेजारी परिचारिका रेहाना नोंदी चाळत होती.

ठकूबाई पोट धरून बाकावर वाकल्या होत्या. मागे जावई उभा होता.

"अधोवायूचे उत्सर्जन होत आहे का?" निदानिकेने मृदू आवाजात विचारले.

ठकूबाईंनी पदर सावरला. "हो, हो."

"निदान: बद्धकोष्ठ." कप्प्यात रेचकाची पुडी घसरली.

"ही तिसरी पुडी," जावई वैतागला. "पोट नगाऱ्यागत फुगलंय, घास आत ठरत नाही."

हेमलताबाई दचकल्या. बद्धकोष्ठात मल अडला तरी वारा सरतो. आंत्रावरोधात आतड्याची वाटच बंद होते, वाराही सरत नाही, आणि तेव्हा रेचक म्हणजे घात. हा भेद त्यांनीच समितीच्या वैद्यकीय परिभाषा कोशात नोंदवला होता. परिचारिकांनी पाठवलेल्या मसुद्यात प्रश्न साधा होता, 'वारा सरतो का?' त्यावर लाल शाईने 'अशिष्ट' असा शेरा मारून त्याजागी 'अधोवायू' त्यांनीच घातला होता.

"पाहुणे, जरा बाहेर थांबता?" जावई गेल्यावर त्या ठकूबाईंजवळ बसल्या. "वारा सरतो का हो?"

त्या कळांतही ठकूबाईंना हसू फुटले. "अगं बया! एवढी शिकलेली बाई आन् काय इचारती!" मग हसू विरले. "चार दिस झालं. न्हाई सरत."

"मग या यंत्राला हो का म्हणालात?"

"पोथी वाचल्यागत बोलतंय ते. काय कळतंय? त्यात जावई उभा."

रेहानाने पोट दाबून पाहिले. "दगड झालंय, मॅडम. शस्त्रक्रियाच लागणार." तिने रुग्णवाहिका बोलावली.

"वाचतील ना?"

"परवा कळलं असतं, तर छातीठोकपणे हो म्हटलं असतं." रेहानाने नजर वळवली. "परवाही त्या याच बाकावर होत्या."

स्ट्रेचर उचलताना ठकूबाईंनी हेमलताबाईंचा हात पकडला. "बाई, एवढंच इचारायचं हुतं, तर परवाच का न्हाई इचारलं?"

हेमलताबाई तो हात धरून रुग्णवाहिकेपर्यंत चालत गेल्या. आत निदानिका पुढच्या म्हातारीला तोच प्रश्न त्याच मृदू आवाजात विचारत होती. रेहाना धावली, पण अशा चारशे उपकेंद्रांत या क्षणी कोण कोण पदर सावरून 'हो' म्हणत असेल?